टोफिनो बंद पडला, आता माझ्या पीएचडीचं काय?

पत्र:

ताई, मी नेटवर्किंगमध्ये पीएचडी करतेय, तिसरं वर्ष संपत आलंय. विषय असा की जड फ्लो, म्हणजे लिंकचा मोठा हिस्सा खाणारे पॅकेटचे ओघ, नेटवर्क स्विचच्या आतच पकडायचे. सगळा कोड पी-फोरमध्ये (स्विच प्रोग्राम करायची भाषा) आहे आणि टोफिनोवर, म्हणजे इंटेलच्या प्रोग्राम करता येणाऱ्या स्विच चिपवर, चालतो, लॅबमध्ये टोफिनो-१ चे दोन स्विच आहेत. मी जॉइन झाले तेव्हा जो तो याच चिपबद्दल बोलत होता आणि पहिल्याच वर्षात इंटेलने लाइन बंद करतोय म्हणून सांगितलं. सर म्हणतात काही फरक पडत नाही, तू पेपर लिही. पण परवा इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूत समोरचा "अच्छा, ती मेलेली चिप" म्हणून हसला, आणि त्याआधी एका रिव्ह्यूअरने लिहिलं होतं की हे हार्डवेअर आता मिळतच नाही तर या कामाचा उपयोग काय. विषय बदलू का? आणि लॅबमधला ज्युनियर विचारतोय पी-फोर शिकू का, त्याला कुठल्या तोंडाने काय सांगू?

— अर्धवट थिसिसवाली

उत्तर:

अगं, विषय बदलू नकोस. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी विषय बदलणं म्हणजे वाचन, सेटअप, पहिला पेपर हे सगळं परत, आणि नवीन विषयाच्या खालची चिप पाच वर्षं टिकेल याची हमी तुला कोण देणार? पण सरांचं "काही फरक पडत नाही" हेही मला पटत नाही. फरक पडतो, तो नेमका कुठे पडतो एवढंच शोधायचंय आणि ते शोधलंस की निम्मी काळजी तशीच कमी होईल.

आधी त्या हसणाऱ्या माणसाचं बघू, कारण त्याच्या हसण्यात एक दावा लपलाय की चिप बंद झाली म्हणजे कल्पनाच फुसकी होती. इतिहास बघ ना. २०१३ मध्ये पॅट बॉशार्ट, निक मॅककिओन वगैरे संशोधक मंडळींनी पेपर टाकला की पॅकेट कसं वाचायचं आणि त्याचं काय करायचं हे चिप बनवताना गोठवून न टाकता नंतर प्रोग्राम करता येतं, आणि त्यासाठी चिपचा एरिया १५ टक्क्यांच्या आतच वाढतो. तोपर्यंत सगळ्यांची समजूत अशी की प्रोग्रामेबल म्हटलं की दहापट हळू. त्याच वर्षी टोफिनो बनवणारी कंपनी बेअरफुट नेटवर्क्स सुरू झाली, २०१४ मध्ये पी-फोरचा पेपर आला, आणि २०१६ च्या जूनमध्ये टोफिनो जाहीर झाला तो सेकंदाला ६.५ टेराबिटचा, तेव्हा बाजारातल्या तगड्या फिक्स्ड (म्हणजे काम आधीच गोठवलेल्या) चिप ३.२ च्या आसपास होत्या! म्हणजे लवचीकही आणि वेगवानही, एकाच वेळी. हे करून दाखवलं गेलंय, त्यामुळे "जमलं नाही" म्हणायला जागाच नाही.

मग बंद का पडला? मला विचारशील तर मोठं कारण त्यानंतरच्या शर्यतीत आहे. २०१६ ला पुढे असलेली चिप २०१८ च्या डिसेंबरमध्ये टोफिनो-२ म्हणून १२.८ टेराबिटवर आली तेव्हा स्पर्धक ब्रॉडकॉमने तेवढाच वेग वर्षभर आधी जाहीर केलेला होता. २०१९ मध्ये इंटेलने बेअरफुट विकत घेतली. पुढे टोफिनो-३ ची घोषणा झाली २५.६ टेराबिटची, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये ब्रॉडकॉमची टोमाहॉक-५ आली ५१.२ ची, बरोब्बर दुप्पट. आता ज्यांना हजारोंनी स्विच घ्यायचेत त्या मोठ्या क्लाउडवाल्यांना सगळ्यात आधी पाइप जाड हवा असतो, त्यात स्वतःचा प्रोग्राम घालायची सोय नंतर, आणि मुळात असा प्रोग्राम लिहून तो वर्षानुवर्षं सांभाळणारी टीम किती जणांकडे असते? बऱ्याच ठिकाणी टोफिनो घेऊन त्यावर तयार मिळणारा साधा स्विचचाच प्रोग्राम चालवला जायचा, म्हणजे ज्या गोष्टीसाठी तो वेगळा होता तीच वापरात नाही.

त्यात इंटेलची स्वतःची तब्येत. २०२२ च्या शेवटच्या तिमाहीत त्यांचा महसूल १४ अब्ज डॉलरवर आला, आदल्या वर्षाच्या त्याच तिमाहीपेक्षा ३२ टक्के कमी, २०२३ साठी ३ अब्ज डॉलरचा खर्च कापायचं आधीच जाहीर झालेलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच निकाल सांगताना तेव्हाचे सीईओ पॅट गेल्सिंगर बोलून गेले की स्विचिंगच्या लाइनमध्ये यापुढे गुंतवणूक नाही, आहेत त्या ग्राहकांना सपोर्ट मात्र देणार. (सहाच महिने आधी ऑप्टेन मेमरी गुंडाळली होती, ती पण इंजिनिअर लोकांची लाडकी.) घर आवरताना जे विभाग छोटे आणि ज्यांच्यात पुढच्या पिढीसाठी परत भरपूर पैसा ओतायला लागणार, ते आधी जातात. यात तुझ्या विषयाबद्दल कोणी काही निकाल दिलेला नाहीये.

आता तुझ्या कामाकडे येऊ, खरं बोलायचं ते इथे आहे.

तुझ्या थिसिसमध्ये दोन प्रकारची वाक्यं असणार. एक प्रकार असा की "आमची पद्धत टोफिनोच्या १२ पैकी इतक्या स्टेजमध्ये (पॅकेट एकामागोमाग ज्यांतून जातं त्या टप्प्यांत) बसते, इतका टक्का एसरॅम (चिपवरची मेमरी) खाते, इतके हॅश बिट वापरते." दुसरा प्रकार असा की "एका पॅकेटमागे प्रत्येक मेमरीला एकदाच हात लावायचा, मागे फिरायचं नाही, लूप नाही, आणि तरीही जड फ्लो इतक्या अचूकतेने सापडतात." पहिल्या प्रकारची वाक्यं चिपसोबत म्हातारी होणार, ती टेबलात टाक आणि पुढे जा. दुसऱ्या प्रकारची वाक्यं हे तुझं काम आहे. कारण एका क्लॉकला एक पॅकेट असा वेग हवा असेल तर एका रजिस्टरला (मेमरीच्या एका खणाला) एका पॅकेटने एकदाच वाचून-बदलून-लिहायचं ही अट टोफिनोने हौसेने घातलेली नव्हती, पाइपलाइन करून लाइन रेट (लिंकचा पूर्ण वेग) गाठणाऱ्या कुठल्याही चिपमध्ये ती कुठल्या ना कुठल्या रूपात येतेच. टोफिनो-१ मध्ये १२ स्टेज, टोफिनो-२ मध्ये २०, उद्या कोणाच्या चिपमध्ये अजून काही, पण पुढच्या स्टेजला कळलेली गोष्ट मागच्या स्टेजला सांगता येत नाही हे तसंच राहतं, आणि सांगायचंच असेल तर पॅकेट परत फिरवावं लागतं, म्हणजे बँडविड्थ जळते.

तुझ्याच विषयातला २०१७ चा हॅशपाइपचा पेपर घे, तू वाचला असणारच. सगळ्यात छोटा काउंटर शोधून त्याला हाकलायचं ही साधी कल्पना, पण पाइपलाइनमध्ये सगळे काउंटर एकदम बघताच येत नाहीत, म्हणून त्यांनी काय केलं तर पहिल्या स्टेजला नवीन फ्लोला कायम जागा द्यायची, तिथून निघालेल्याला पॅकेटबरोबर पुढे न्यायचं आणि प्रत्येक स्टेजला दोघांतल्या मोठ्याला ठेवून छोट्याला पुढे ढकलायचं. ही युक्ती चिपच्या नावावर अवलंबून आहे का? नाही ना. तुझ्या थिसिसचं पहिलं चॅप्टर उघड, आणि जिथे जिथे "टोफिनोवर" लिहिलंयस तिथे वाचून बघ की "एका पॅकेटमागे ठराविक काम आणि ठराविक मेमरी असलेल्या पाइपलाइनवर" असं लिहिलं तर वाक्य खरं राहतं का. जिथे राहतं तिथे बदल, जिथे राहत नाही तिथे टोफिनोच ठेव, उगाच मोठेपणा करायला जाऊ नकोस, कारण सगळ्यात आधी रिव्ह्यूअर तिथेच पकडेल.

मग दुसरं टार्गेट, म्हणजे तोच अल्गोरिदम चालवायला दुसरी जागा. हे एक चॅप्टरपुरतं नवीन काम आहे आणि माझ्या मते हे तुला करावंच लागेल, त्या रिव्ह्यूअरला तोंडी उत्तर पुरणार नाही. पर्याय आहेत, पण सगळे सारखे नाहीत.

बीएमव्ही-२ वर चालवून दाखवणं सगळ्यात सोपं, पण तो सॉफ्टवेअर मॉडेल आहे, प्रोग्राम बरोबर वागतो एवढंच त्यावरून कळतं, वेगाबद्दल एक शब्द बोलता येत नाही. तुझ्याकडे खऱ्या चिपचे आकडे आधीच असताना हा पुरावा कोणाला नवीन वाटणार? एफपीजीएचा (आतलं सर्किट नंतर बदलता येणारी चिप) रस्ता चांगला आहे, एएमडीकडे पी-फोरवरून एफपीजीए डिझाइन काढणारं टूल आहे, पण लॅबमध्ये ते आधी कोणी केलं नसेल तर टायमिंग जुळवण्यातच महिने जातील म्हणून तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मी नको म्हणेन. डीपीयू, म्हणजे सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावरचे प्रोसेसर, जसं एएमडी पेन्सांडो किंवा इंटेलचंच आयपीयू, यांच्यात पी-फोर जिवंत आहे (हो, त्याच इंटेलचं, त्यांनी पी-फोर नाही सोडलं, स्विच सोडला). पण बोर्ड आणि टूल्स हातात मिळायला ओळखपाळख, करार, सगळं लागतं. सरांची कुठे ओळख असेल तर विचार, नसेल तर त्यात अडकून पडू नकोस.

म्हणून मी तुला लिनक्सवर ईबीपीएफ आणि एक्सडीपी, म्हणजे पॅकेट आल्या आल्या कर्नलमध्येच आपला छोटा प्रोग्राम चालवायची सोय, सुचवेन. हार्डवेअर म्हणून एक साधा सर्व्हर आणि बरं नेटवर्क कार्ड पुरतं, आणि मुख्य म्हणजे तिथल्या मर्यादा वेगळ्या असल्यामुळे तुलना खरोखर काहीतरी सांगते. टोफिनोवर तुझा त्रास हा की स्टेज कमी आणि रजिस्टरला एकदाच हात. एक्सडीपीवर मेमरीला हव्या तितक्या वेळा हात लाव, पण प्रत्येक वेळेला कॅश मिस झाला (हवा तो डेटा जवळच्या वेगवान मेमरीत नसला) तर पॅकेटचा दर कोसळतो, आणि वर अनेक कोअर एकाच वेळी पॅकेट घेतात म्हणून एकच काउंटर सगळ्यांनी वाटून घेतला की कोअर एकमेकांच्या पायात पाय घालतात. काउंट-मिन स्केच (थोड्या मेमरीत अंदाजे मोजणी ठेवणारं टेबल) असेल तर सोपं आहे, प्रत्येक कोअरला वेगळं स्केच द्यायचं आणि शेवटी नुसती बेरीज करायची, बेरीज बरोबरच येते. पण हॅशपाइपसारखं टेबल असेल तर दोन कोअरची टेबलं अशी सरळ मिळवता येत नाहीत, एका कोअरने हाकललेला फ्लो दुसऱ्याकडे शिल्लक असू शकतो, मग चूक किती वाढते? बघ, इथे एक छान प्रश्न निघाला, आणि तो टोफिनो बंद पडला नसता तर तू कदाचित विचारलाच नसतास. मला तर वाटतं तुझं शेवटचं चॅप्टर हेच आहे.

पोर्ट करताना एक त्रास होणार, आधीच सांगून ठेवते. हेडर, पार्सर, साधी टेबलं हा भाग फारसा कुरकुर न करता जाईल, पण रजिस्टरवर जे काही करतेस ते टोफिनोच्या स्वतःच्या आर्किटेक्चरमधलं आहे, ते कुठेच जसंच्या तसं जात नाही. आत्ताच कोडचे दोन भाग कर, एकात फक्त अल्गोरिदम, दुसऱ्यात त्या त्या टार्गेटची स्टेटवाली कामं, नाहीतर दोन वेगळे प्रोग्राम सांभाळत बसशील आणि दोघांचे आकडे एकाच अल्गोरिदमचे आहेत हे सिद्ध करता करता दमशील.

रिव्ह्यूअरला काय लिहायचं? चिडून लिहू नकोस, त्याचा प्रश्न अर्धा रास्त आहे. त्याला सांग की स्विचच्या आत केलेलं बरंच संशोधन टोफिनोवर सिद्ध झालं आणि मग दुसरीकडे गेलं किंवा दुसरीकडेही उगवलं. २०१९ चा एचपीसीसी घे, स्विचने पॅकेटवर लिहिलेल्या माहितीवरून कंजेशन आवरायचं, प्रयोग टोफिनोवर झाले पण पद्धतीला हवी असते फक्त टेलिमेट्री, आणि ती माहिती आता फिक्स्ड चिपसुद्धा देतात. २०२१ चा स्विचएमएल घे, मशीन लर्निंगच्या ट्रेनिंगमधली बेरीज स्विचमध्येच करायची, तसंच काम एनव्हिडियाच्या स्विचमध्ये शार्प नावाने विकलं जातंय. या दोन उदाहरणांनंतर तुझ्या एक्सडीपीच्या निकालांचं टेबल, आणि बास. लांबलचक पत्रोत्तर लिहिलंस की घाबरल्यासारखं वाटतं.

सरांशी बोलताना "सर, चिप बंद झाली, मला टेन्शन आलंय" असं जाऊ नकोस, ते परत तेच म्हणतील. एक पानभर लिहून ने: टोफिनोवरचे कुठले प्रयोग राहिलेत, ते कधी संपतील, एक्सडीपीवर काय करायचंय, कुठला पेपर कुठे पाठवायचा. गाईड लोकांना प्रश्न नको असतात, सही करता येईल असं काहीतरी हवं असतं. आणि राहिलेले टोफिनोचे प्रयोग आधी उरकून टाक, नंतर करू म्हणून ठेवू नकोस, दोनच स्विच आहेत आणि त्यातला एक बिघडला तर दुरुस्ती कोण करणार हा प्रश्न आता खरा आहे. ऑपरेटिंग सिस्टम, कर्नल, एसडीई (टोफिनोचं सॉफ्टवेअर किट) आणि कंपायलरची कुठली व्हर्जन आहेत ते लिहून ठेव, डिस्कची इमेज काढून दोन ठिकाणी ठेव, कारण कंपायलरची व्हर्जन बदलली की तोच प्रोग्राम कधी बसतो कधी बसत नाही हे तू भोगलेलंच असशील.

एक चांगली बातमी पण आहे, तुझ्यापर्यंत पोचली नसेल तर. टोफिनोचं सॉफ्टवेअर पूर्वी करार केल्याशिवाय मिळत नसे, पण आता कंपायलरचा टोफिनोचा भाग पी-फोरच्या खुल्या कंपायलरमध्ये आलाय आणि २०२५ च्या सुरुवातीला इंटेलने पी-फोर स्टुडिओही, म्हणजे ती एसडीईच, ओपन सोर्स केला. हे आधी झालं असतं तर काय झालं असतं यावर लोक रात्र रात्र वाद घालतात, तो सोडून दे. तुझ्यासाठी अर्थ एवढा की तुझा कोड आता तुला उघडपणे टाकता येईल का ते बघ, कोणीतरी मशीन नसतानाही कंपाइल करून तुझ्या स्टेजचे आकडे तपासू शकेल. रिव्ह्यूअरच्या "मिळतच नाही" वर हे पण एक उत्तर आहे. फक्त जुन्या कराराखाली मिळालेली कागदपत्रं किंवा त्यातला कोड त्यात चुकून जाऊ देऊ नकोस, टाकायच्या आधी सरांना विचार.

नोकरीचं म्हणशील तर सीव्हीवरचा "टोफिनो एक्सपर्ट" हा शब्द काढून टाक. त्याजागी काय केलंस ते लिही: लाइन रेटला चालणारी पाइपलाइन लिहिली, इतक्या मेमरीत बसवली, ट्रॅफिक जनरेटर लावून मोजली, चुकीचं प्रमाण इतकं. हे वाचून डीपीयूवाले बोलावतील, स्मार्ट एनआयसीवाले बोलावतील, कर्नल नेटवर्किंगवाले बोलावतील, आणि स्विचचं टेस्टिंग करणारेही, कारण गुगलने फिक्स्ड स्विचने कसं वागायला पाहिजे ते पी-फोरमध्ये लिहून त्यावरून स्विच तपासायची पद्धत २०२२ मध्येच छापलीय, म्हणजे चिप प्रोग्रामेबल नसली तरी भाषा कामाला येते. सिस्को आपल्या सिलिकॉन वन चिपला पी-फोर प्रोग्रामेबल म्हणते, ब्रॉडकॉमची ट्रायडेंट-४ वेगळ्या भाषेत का होईना प्रोग्राम होते. मात्र टोफिनोसारखी, विद्यार्थ्याच्या हातात सहज येणारी आणि आतपर्यंत उघडी असलेली मोठी स्विच चिप आज मिळणं अवघड आहे, हे दुःख खरं आहे, ते मी गोड करून सांगणार नाही.

आणि परत कोणी "ती मेलेली चिप" म्हणालं तर हसू दे, आणि सरळ विचार, तुमच्या चिपमध्ये एका पॅकेटला एका काउंटरला किती वेळा हात लावता येतो? त्याला उत्तर माहीत असेल तर तुमच्या छान गप्पा होतील. माहीत नसेल तर ती इंटर्नशिप तुला किती शिकवणार होती ते तूच ठरव.

ज्युनियरला सांग, पी-फोर शिक, पण ती नोकरीची भाषा म्हणून शिकू नकोस. बीएमव्ही-२ फुकट आहे, तेवढ्यावर एक पार्सर, एक टेबल, एक काउंटर लिहून बघायला फार दिवस लागत नाहीत, आणि तेवढ्यातच पॅकेटचं स्विचमध्ये नेमकं काय होतं हे जे डोक्यात बसतं ते पुस्तकातल्या आकृतीवरून बसत नाही. सोबत ईबीपीएफ शिकायला लाव. थिसिसचा विषय निवडायची वेळ आली की त्याला पहिल्याच दिवशी दोन टार्गेट निवडायला सांग, दोन वेगळ्या कंपन्यांची. आणि तुझ्या एक्सडीपीच्या चॅप्टरमध्ये त्याला मदतीला घे, ट्रॅफिक जनरेटरच्या स्क्रिप्ट लिहायला तुला नाहीतरी माणूस लागणारच आहे.